आपल्या मागच्या वाटेची गोष्ट



रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास मी लिहावा, असे समितीने ठरवले. मी पहिली सहा वर्षे सचिव होतो आणि तेव्हाच्या फायली अजून माझ्याच कपाटात आहेत, हे त्याचे खरे कारण. निवृत्त माणसाला वेळ असतो, असाही एक समज आहे. असो. पाण्याची टाकी कधी बांधली, पहिला गणेशोत्सव कुठल्या मजल्यावर झाला, लिफ्ट कधी आली, असे सगळे क्रमवार लिहायचे या विचाराने मी फायली काढल्या. २००३ सालच्या फायलीत तळाशी एका अर्जाची झेरॉक्स सापडली. अर्ज सोसायटीचा नव्हता. खाली एका शेतकऱ्याची थरथरती सही होती. तो अर्ज वाचला आणि माझ्या लेखाचा विषयच बदलला.

का बदलला ते सांगण्याआधी एक कबुली देतो. गेल्या सर्वसाधारण सभेत मागची वाट बंद करण्याचा ठराव आला होता, तो आपल्या लक्षात असेल. नव्या सभासदांसाठी थोडे भूगोलाचे सांगतो. मुख्य रस्त्यावरून आपण आत वळतो तो सिमेंटचा रस्ता आपल्या गेटशी येतो. तिथून आपल्या उत्तरेकडच्या भिंतीच्या कडेने नऊ फुटांची एक कच्ची पट्टी मागे जाते. पट्टी आपल्याच प्लॉटमधली आहे, पण भिंतीच्या बाहेर आहे. ती जिथे संपते तिथे भाताची खाचरे सुरू होतात. या पट्टीला दोन्ही टोकांना भिंत घालून आत घेतली तर अकरा-बारा गाड्या उभ्या राहतील, असा ठराव होता. पार्किंगवरून आपल्याकडे जी भांडणे होतात ती पाहता ठराव चांगला वाटला. अनुमोदन मीच दिले. एका सभासद भगिनीने कन्व्हेयन्सचा नकाशा पाहून मग ठरवू असे सुचवले, म्हणून विषय पुढच्या सभेवर गेला. नाहीतर एव्हाना भिंत उभी राहिली असती, आणि तिच्यावर पहिला हात माझा वर गेलेला असता.

इमारतीच्या आधीची जमीन

दिव्याला आज येणाऱ्या माणसाला खरे वाटणार नाही, पण आपण इथे राहायला आलो तेव्हा खिडकीतून पावसाळ्यात फक्त पाणी आणि हिरवे भात दिसायचे. दिवा, दातिवली, साबे, आगासन, बेतवडे, म्हातार्डी ही सगळी खाडीकाठची भातशेतीची गावे. आगरी-कोळी समाजाची वस्ती. खाडीचे खारे पाणी अडवायला मातीचे बांध घालायचे, पावसाचे गोडे पाणी साठवायचे, उघाडीतून जादा पाणी सोडून द्यायचे आणि त्या जमिनीत भात पिकवायचे, हे काम इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. अशा जमिनींसाठी पुढे १९४८ साली खार जमिनींचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९७९ साली खारभूमी विकासाचा.

आता अशा शेतात वाट कशी असते, हे शहरी माणसाला समजावून सांगावे लागते. भाताच्या खाचरात चार महिने पाणी उभे असते. तेव्हा चालायला फक्त बांध. डोक्यावर रोपांची जुडी घेऊन बायका बांधावरून एकामागे एक जातात. दिवाळीनंतर कापणी झाली की सगळे रान मोकळे. मग बैलगाडी कुणाच्याही खाचरातून खळ्यापर्यंत जाते, कुणी अडवत नाही. म्हणजे एकाच शेताला दोन वाटा, एक पावसाळ्याची आणि एक उन्हाळ्याची. दोन्ही कुठे लिहिलेल्या नाहीत. त्यांना नाव एकच, वहिवाट.

भांडणे कधी लागतात? जमीन शेतकऱ्याकडून न कसणाऱ्या माणसाच्या हातात गेली की. नवा मालक सात-बारा बघतो, त्यावर आपले नाव बघतो आणि कुंपण घालतो. त्याच्या दृष्टीने त्याचे काही चुकत नाही. वाट कागदावर नसतेच.

कागदावर काय असते

बँकेत मी ३७ वर्षे काढली, त्यातली बरीच शेतीकर्जाच्या टेबलावर. सात-बारा हा कागद मी हजारो वेळा हाताळला. त्यात गाव नमुना सात म्हणजे हक्काचा आणि बारा म्हणजे पिकाचा. सातच्या उताऱ्यावर भोगवटादाराचे नाव ठळक असते. शेजारी एक रकाना असतो, 'इतर हक्क'. कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क, विहिरीतला हिस्सा, जाण्यायेण्याची वाट, सरकारी शर्त, हे सगळे त्या रकान्यात. आमचे एक जुने मॅनेजर नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगायचे, "नाव नंतर वाच, आधी इतर हक्क वाच." बँकेच्या परीक्षांमध्ये शिकलो त्यापेक्षा हे वाक्य जास्त उपयोगी पडले.

मुरबाड तालुक्यात असताना एका शेतकऱ्याला विहिरीसाठी कर्ज दिले. विहिरीला पाणी उत्तम लागले. पण विहीर आणि शेत यांच्यामध्ये भावकीचा एक पट्टा होता, आणि त्या पट्ट्यातून पाइप नेऊ द्यायला भावकी तयार नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ४९ मध्ये दुसऱ्याच्या जमिनीतून पाट किंवा पाइप नेण्याची परवानगी तहसीलदार देऊ शकतो, हे त्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मलाही नव्हते. दोन हंगाम विहीर भरलेली आणि शेत कोरडे. कर्ज थकले. तेव्हापासून मी या विषयाचे कायदे मुद्दाम वाचू लागलो.

मोजणीच्या हिशेबातसुद्धा वाटेला जागा असते. ३३ फुटांची साखळी, ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एक एकर. गाव नकाशावर गावाहून गावाला जाणारे गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघांनी दाखवतात, पायमार्ग एकेरी रेघेने. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा फुटांपासून पुढे, पायमार्ग सव्वाआठ फूट. साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी आणि सव्वाआठ म्हणजे पाव. पण हे झाले मुख्य मार्ग. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणारी बांधावरची वाट नकाशावर बहुधा सापडत नाही.

ती सापडत नाही म्हणून कायद्याने ती अगदीच सोडून दिली आहे, असे मात्र नाही. १८८२ सालचा सुविधाधिकार कायदा, ज्याला कोर्टात ईझमेंटचा कायदा म्हणतात, तो १८९१ पासून आपल्या मुंबई इलाख्याला लागू आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे वाट वापरली, तर वाटेचा हक्क पक्का होतो. तो मिळवायला दिवाणी कोर्टात जावे लागते. शेतकऱ्याला तेवढा दम कुठला? पेरणी काही निकालाची वाट बघत थांबत नाही. म्हणून १९०६ सालचा मामलेदार न्यायालय कायदा आहे. शेताची चालू वहिवाट कुणी अडवली, तर शेतकऱ्याने सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे, म्हणजे आजच्या तहसीलदाराकडे, दावा करायचा. तहसीलदार जागेवर येतो, पंचनामा करतो, शेजारच्या खातेदारांचे जबाब घेतो आणि अडथळा दूर करायचा हुकूम देऊ शकतो. मुळात वाटच नसेल तर १९६६ च्या महसूल संहितेचे कलम १४३ आहे. त्यात शेताच्या बांधावरून रस्ता मागता येतो. दोन्ही कायद्यांतला फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे. अडवलेली जुनी वाट मोकळी करायला १९०६ चा कायदा, नवी वाट मागायला कलम १४३.

आपण दिवेकर रोज ज्या फाटकाच्या नावाने बोटे मोडतो, त्याचाही या विषयाशी नातेसंबंध आहे. १८५४ च्या मे महिन्यात ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी सुरू झाली, ती याच भातशेतीतून. रुळांच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शेत, अशी अनेकांची गत झाली. १८९० च्या रेल्वे कायद्यात कलम ११ आले. रुळांमुळे शेजारच्या जमिनीचा वापर तुटत असेल तर रेल्वेने स्वतःच्या खर्चाने क्रॉसिंग, पूल, मोऱ्या बांधून द्यायच्या. म्हणजे साहेबाच्या आगगाडीलाही शेतकऱ्याची वाट सरसकट गिळता आली नाही.

२००३ सालची गोष्ट

आता त्या अर्जाकडे येतो.

आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. राहायला आपण त्याआधीच आलो होतो. तेव्हा गेटपर्यंतचा रस्ता म्हणजे मातीचा रुंद बांध होता. बिल्डरने त्यावर मुरूम टाकला होता आणि माहितीपत्रकात त्याला 'अप्रोच रोड' म्हटले होते. तो बांध शेजारच्या एका खाजगी जमिनीतून येत होता, हे आम्ही कुणी विचारले नाही. मीसुद्धा नाही. दुसऱ्यांना "आधी इतर हक्क वाच" सांगणारा मी, स्वतःच्या घराच्या वेळी कार्पेट एरिया आणि हप्ता एवढेच बघत बसलो होतो.

२००३ च्या फेब्रुवारीत शेजारची ती जमीन विकली गेली. नव्या मालकाने एका रविवारी खांब रोवून तारेचे कुंपण घातले. रस्ता बंद. पाण्याचा टँकर येईना. तेव्हाच्या दिव्यात टँकर नाही म्हणजे पाणी नाही. रिक्षा मुख्य रस्त्यावर सोडायची. आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून न्यायचे. जुन्या सभासदांना ते दिवस आठवत असतील. आमच्या सौभाग्यवतींनी दोन कळशा घेऊन कुंपणाच्या खालून वाकून जाताना फाडलेली साडी पुढे कित्येक वर्षे पुरावा म्हणून जपून ठेवली होती.

आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितले, "१९०६ चा कायदा शेतीच्या वाटेसाठी आहे. तुम्ही फ्लॅटवाले. तुम्हाला दिवाणी कोर्ट. आणि ईझमेंटसाठी २० वर्षांचा वापर लागतो, तुमची चार वर्षेही नाहीत. बिल्डरवर दावा लावा." बिल्डर तोवर दुसऱ्या गावी दुसरी इमारत बांधत होता आणि फोन उचलत नव्हता. आम्ही खाली उतरलो तेव्हा कुणी काही बोलले नाही.

आपल्या मागे ज्यांची खाचरे आहेत त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना आम्ही सगळे 'बाबा' म्हणायचो. त्यांचीही वाट तीच. मुख्य रस्त्यावरून शेजारच्या जमिनीतला बांध, मग आपल्या उत्तरेची पट्टी, मग त्यांचे शेत. आमच्या कुंपणाच्या तक्रारी ते ऐकत होते. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी ते आपणहून माझ्याकडे आले. पायरीवरच बसले, वर या म्हटले तरी आले नाहीत. म्हणाले, "सायेब, पाऊस तोंडावर आला. बैल, नांगर न्यायला मलापन वाट पायजे. तुमचा कागद चालत नसंल तर माझा चालतो का बघा."

त्यांचा कागद चालला. मे महिन्यात, म्हणजे सहा महिन्यांच्या मुदतीत, त्यांनी स्वतःच्या नावाने तहसीलदारांकडे दावा केला. अर्ज मी लिहिला, सही त्यांची. फायलीत सापडली ती त्याचीच झेरॉक्स. जून महिन्यात स्थळपाहणी झाली. गाव नकाशात ही वाट नव्हती, पण आजूबाजूच्या पाच खातेदारांनी जबाब दिले की वाट त्यांच्या आज्यापासून चालू आहे. पंचनाम्याच्या दिवशी नव्या मालकाच्या माणसाने बाबांना विचारले, "तुम्हाला या फ्लॅटवाल्यांनी किती दिले?" बाबा चिडले नाहीत. म्हणाले, "माझा बापूस या बांधावरनं गेला, मी पन जातो. हे लोक माझ्या मागनं चालतात. त्यांच्याकडनं काय घ्यायचं?"

त्या पावसाळ्यात त्यांनी बैल दुसऱ्या बाजूने, गुडघाभर चिखलातून नेले. दिवाळीनंतर हुकूम आला. कुंपण निघाले. पुढे फेरफार होऊन शेजारच्या जमिनीच्या सात-बाऱ्यावर इतर हक्कात ती वाट लागली, आणि काही वर्षांनी पालिकेने तिथे सिमेंटचा रस्ता केला. आज आपल्या दुचाक्या, शाळेच्या बसेस, गॅसच्या गाड्या, ऑनलाइन सामान घेऊन येणारी मुले ज्या रस्त्याने येतात, तो रस्ता एका शेतकऱ्याच्या बैलांसाठी मोकळा झालेला आहे. सोसायटीच्या हक्काने तो मोकळा झालेला नाही.

बाबांच्या जमिनीवरची अट

बाबांची जमीन अजून शेतीच का राहिली, हाही इतिहास आहे. आजूबाजूच्या सगळ्यांनी विकली, त्यांनी का नाही?

कोकणात कुळांची स्थिती एके काळी काय होती, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ संप केला, खोतांच्या जमिनी नांगरायच्याच नाहीत असा. सहा वर्षे उपासमार सोसली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. किंमत ठरली, ती भरल्यावर कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले. बाबांच्या वडिलांना मिळालेले ते प्रमाणपत्र घरच्या पत्र्याच्या पेटीत मी स्वतः पाहिले आहे, घडीवर चार तुकडे झालेले.

पण त्या मालकीला एक अट होती. सात-बाऱ्यावर शिक्का, 'कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र'. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही, गहाण द्यायची नाही. त्याशिवाय कलम ६३ आहेच, शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला परवानगीवाचून विकता येत नाही. आम्हा बँकवाल्यांना या शिक्क्याचा कंटाळा यायचा, कारण तारण अडचणीचे. बिल्डरांना तर फारच. हेतू मात्र सरळ होता. पुष्कळ हाल सोसून जी जमीन कसणाऱ्याच्या हाती आली, ती पहिल्याच सावकाराने किंवा व्यापाऱ्याने काढून घेऊ नये.

जमीन विकली तरी अट जमिनीबरोबर जाते, ही कल्पना सगळ्या जगात आहे. लंडनमध्ये लेस्टर स्क्वेअर नावाचा चौक आहे. १८०८ साली तिथली बाग विकताना मालकाने अट घातली की बाग मोकळीच ठेवायची. हात बदलत बदलत ती एका अशा माणसाकडे आली ज्याला तिथे बांधकाम करायचे होते. त्याचे म्हणणे, अट मी कुठे लिहून दिली आहे? १८४८ साली कोर्टाने सांगितले की अट ठाऊक असताना तू जमीन घेतलीस, तेव्हा ती तुलाही पाळावी लागेल. टल्क विरुद्ध मॉक्सहे या नावाने कायद्याचे विद्यार्थी अजून तो खटला शिकतात.

२०१४ साली आपल्याकडे कलम ४३ सैल झाले. कुळाने जमीन घेऊन दहा वर्षे उलटली असतील तर जमिनीच्या आकाराच्या ४० पट रक्कम सरकारजमा केली की कलेक्टरच्या परवानगीची गरज उरत नाही. आकार पाच रुपये असेल तर दोनशे रुपये. पण तोवर बाबा राहिले नव्हते. २०१२ साली ते गेले. मुलगा नोकरी सांभाळून पावसाळ्यात भात लावतो. सून बाकीचे महिने भेंडी, मुळा, माठ लावते. संध्याकाळी गेटशी टोपली घेऊन बसणारी ती हीच. आपल्यापैकी निम्म्या घरांत तिचीच भाजी शिजते, पण ती कुठल्या वाटेने येते ते आपण पाहिलेले नाही.

आता आपली पाळी

हुकूम झाला तो शेजारच्या जमिनीपुरता. आपल्या नऊ फुटांच्या पट्टीबद्दल कुठेच काही लिहिलेले नाही, कारण आपण ती कधी अडवली नव्हती. त्यामुळे ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे, मी स्वतः बोललो तेच, वरवर बरोबर आहे. सात-बारा आपला, २०१४ साली मिळालेले डीम्ड कन्व्हेयन्स आपले, पट्टी आपली. शेजारच्या मालकाचेही २००३ साली शब्दशः हेच म्हणणे होते.

कन्व्हेयन्सने जमीन आपल्या नावावर आली ती तिच्या ओझ्यासकट आली. या कुटुंबाची वहिवाट आपल्या इमारतीपेक्षा जुनी आहे. भिंत घातली तर ते सहा महिन्यांत तहसीलदारांकडे जाऊ शकतात, आणि तिथे पुरावा म्हणून २००३ चा पंचनामा देतील. त्यावर पंच म्हणून आपल्या सोसायटीच्या सचिवाची सही आहे. म्हणजे माझी. मी कुठल्या तोंडाने उलटी साक्ष देऊ?

ठराव मांडणाऱ्या तरुण सभासदांच्या काळज्या खोट्या नाहीत, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिली काळजी सुरक्षेची. मागून दोन दुचाक्या चोरीला गेल्या, हे खरे. त्याला उपाय दिवा आणि कॅमेरा आहे, शिवाय रात्री बंद होणारे एक साधे फाटक लावून त्याची एक किल्ली त्या घरी द्यावी. दुसरी काळजी, उद्या त्यांनी शेत विकले आणि तिथे टॉवर झाला तर पन्नास गाड्या आपल्या भिंतीला घासून जातील. त्याचेही उत्तर ईझमेंटच्या कायद्यात आहे. कलम २८ सांगते की एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही. शेतीची वाट म्हणजे माणसे, बैल, फार तर एक ट्रॅक्टर. तिचा टॉवरचा रस्ता आपोआप होत नाही. मात्र काय मान्य केले ते आजच लिहून ठेवायला हवे. तोंडी राहिले तर दहा वर्षांनी दोन्ही बाजूंचे जाणते लोक नसतील आणि वकिलांचे भले होईल.

सरकारही आता त्याच दिशेने चालले आहे. २०२५ च्या मे महिन्यात निर्णय झाला की शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सात-बाऱ्यावर इतर हक्कात व्हावी. आपली पट्टी नऊ फूट, म्हणजे पावणेतीन मीटर. तिच्यात गाड्या लावण्याचे स्वप्न आपण बघत होतो!

म्हणून या लेखाच्या निमित्ताने, जाहीरपणे, मी माझे अनुमोदन मागे घेतो. पुढच्या सभेत मी वेगळा ठराव मांडणार आहे. उत्तरेची नऊ फुटांची पट्टी मागच्या शेताच्या शेतीवापराची वाट म्हणून सोसायटीने मान्य करावी, तिचा नकाशा इतिवृत्ताला जोडावा, त्या कुटुंबाशी साधा लेखी करार करावा आणि इतर हक्कात नोंदीसाठी दोघांनी मिळून अर्ज द्यावा. पार्किंगचे काय, असे विचाराल. दुमजली पार्किंगचे दोन अंदाज मी मागवले आहेत. महाग आहे, हप्ते पडतील, कुरकुर होईल. बँकेतल्या माणसाला हप्त्यांची भीती वाटत नाही.

परवा मी बाबांच्या मुलाला भेटायला गेलो, या पट्टीने चालत. ठराव आल्याचे त्याला आधीच कळले होते, दिव्यात काही लपून राहत नाही. त्याने चहा दिला. बराच वेळ पावसाच्या, खताच्या भावाच्या गोष्टी झाल्या. निघताना म्हणाला, "काका, भिंत घालणार असाल तर दिवाळीनंतर घाला. भात घरात आलं की मग बघू." मागितले एवढेच. मी काय उत्तर द्यायचे ते मला तिथे सुचले नाही. आपण सगळ्यांनी मिळून ते सभेत द्यायचे आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे आलो ते एका घराण्याच्या मागून, त्यांच्या बांधावरून. सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला होता, तो माझ्या लेखी तिथून सुरू होतो. सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सभेला जरूर या, आणि येण्याआधी एकदा मागच्या वाटेने पाच मिनिटे चालून या.

– आपला एक ज्येष्ठ सभासद, निवृत्त बँक अधिकारी